होणाऱ्या सासऱ्याबरोबर अंघोळ

होणाऱ्या सासऱ्याबरोबर एकाच हौदात, अंगावर सुताचाही आधार न घेता, गळ्यापर्यंत पाण्यात बसलेला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला मी पहिलाच इसम असेन. पेठेनं याबद्दल अजून माझा सत्कार केलेला नाही. करतील. फुटबॉल सोडून इतर गोष्टी समजायला पेठेला जरा वेळ लागतो.

मुद्दा साधा होता. संयोगिताच्या वडलांच्या, म्हणजे हंबीरराव आबांच्या तोंडून आमच्या लग्नाला 'व्हय' एवढा एक शब्द काढायचा. आबांनी सरळ नाही म्हटलं असतं तर सोपं झालं असतं. नकाराशी भांडता येतं, त्याच्यासमोर उपोषण करता येतं, मधे चार वडीलधारी घालता येतात. आबा नाही म्हणत नव्हते. आबा म्हणायचे, "बघू." आणि गेलं वर्षभर ते बघत होते. गोठ्यात धारा काढताना बघत होते, डेअरीच्या गाडीत कॅन चढवताना बघत होते, समोरून मी आलो की मात्र दुसरीकडे बघत होते.

संयोगिता जपानमध्ये ओकायामाला एका यंत्रांच्या कंपनीत नोकरी करते. तिनं फोनवर तोडगा काढला.

"हे बघ ऋतुराज, आबा एरवी दगड हायत. पण कडक पाण्यानं आंघोळ झाली की तासभर माणसात असत्यात. माझ्या इंजिनिअरिंगला त्यांनी बंबाच्या शेजारी पंचा गुंडाळून उभ्या उभ्या परवानगी दिलीय. काकांची वाटणी बी तिथंच मिटली. तू त्यांना हिकडं घिऊन ये. मी दोघांना आंघोळीला नेतो."

(आमच्याकडच्या मुलीही 'नेतो', 'सांगतो' असंच बोलतात. जपानी भाषा फाडफाड यायला लागली तरी हे जात नाही. जाऊही नये.)

तिच्या गावाजवळ समुद्रात एक बेट आहे आणि त्या बेटावर एक सार्वजनिक स्नानगृह आहे. तिकडं त्याला सेंतो म्हणतात. साधं नव्हे, कलात्मक. एका मोठ्या शिल्पकारानं आतून-बाहेरून घडवलेलं. जगभरातून लोक ते बघायला येतात आणि आलोच आहोत तर अंघोळ करून जातात. मला ही कल्पना एकदम पटली, कारण मी स्वतः कलाकार आहे. शहरात वाढदिवसाचे जे फ्लेक्स लागतात त्यांतले निम्मे माझ्या हातचे. नेत्याच्या मागं सिंह, सिंहाच्या मागं सूर्य आणि खाली शुभेच्छुकांची डोकी, ही मांडणी पुष्कळ जण करतात. पण शुभेच्छुकांच्या डोक्यांवर सूर्याचा उजेड योग्य बाजूनं पडलेला फक्त माझ्याच कामात दिसेल. आबा मला 'ब्यानरवाला' म्हणायचे. मी मनाला लावून घेतलं नाही. कलाकाराला हयातीत कोण विचारतं.

आबा एकटे विमानात बसायला तयार नव्हते. मी राजारामपुरीत जपानीचा क्लास केलेला होता. तेव्हा भाषेला आणि बॅगा उचलायला म्हणून मी सोबत जावं, असं संयोगितानं घरात मंजूर करून घेतलं. यातलं दुसरं कारण आबांना जास्त पटलं.

बातमी गल्लीत फुटली. समोरच्या धोंडुबाई आमच्या उंबऱ्यात येऊन बसल्या.

"म्हंजी विमानानं जाऊन चार लोकांत उघडं व्हायचं?"

"व्हय मावशी. तिथली पद्धतच हाय तशी."

"आणि हंबीरबी?"

"तेबी."

धोंडुबाईंनी तोंडाला पदर लावला आणि बराच वेळ हलत राहिल्या. मला आधी वाटलं, त्यांना भडभडून आलंय. मग म्हणाल्या, "आमचे म्हातारे जलमभर पंचगंगेवर तेच करत हुते की रं. तवा कोण विमानानं बघाय आलं न्हाय ते."

जोतीराम वस्तादांनी तालमीत बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा गंभीर होता. तांबड्या मातीत मांडी घालून ते म्हणाले, "हंबीर आणि मी एका आखाड्यातलं. त्यो पैलवान लंगोट सोडणार न्हाय. मी सांगून ठेवतो."

"मग काय करू वस्ताद?"

"तू आधी उघडा हो. धाकट्यानं सुरुवात करायची, मोठ्याची भीड मोडती. आणि पळून येऊ नको. एकदा उघडा झालास की पळायचं न्हाय. लई वाईट दिसतंय."

इतका थेट उपयोगी सल्ला मला आयुष्यात कुणी दिलेला नाही.

व्हिसासाठी आम्ही राजारामपुरीत दातांच्या दवाखान्याच्या वर असलेल्या एजंटाकडं गेलो. तिथं नवीनच अडचण निघाली. बरोबर प्रवास करणाऱ्या दोघांचं एकमेकांशी नातं काय, ते लिहायचं होतं. एजंटानं पेन उघडून आमच्याकडं पाहिलं. मी आबांकडं पाहिलं. आबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. वर्षभर अडकलेला प्रश्न एका परक्या देशाच्या सरकारनं इतक्या स्वच्छपणे विचारला होता की मला त्या सरकारबद्दल आदर वाटला.

"लिही, शेजारी," आबा म्हणाले.

"शेजारी हे नातं त्यांच्यात चालत न्हाय, आबा. मित्र लिहू?"

आबांनी विचार केला. "लिही. पण जवळचा लिहू नको."

तेव्हापासून जपान सरकारच्या दप्तरी हंबीरराव आणि मी मित्र आहोत. जवळचे नाही.

तिकडच्या विमानतळावर कस्टमवाल्यांनी आबांची बॅग उघडली. आत एक काळा खरबरीत दगड निघाला. आबांचा अंग घासायचा दगड. हा नसेल तर त्यांना अंघोळ झाल्यासारखी वाटत नाही. पांढरे हातमोजे घातलेल्या अधिकाऱ्यानं तो दोन्ही हातांवर देवासारखा धरला आणि मला विचारलं, हे काय? मी माझ्या जपानीत म्हणालो, "हा दगड आहे." क्लासमध्ये पहिल्याच धड्यात 'हे पेन आहे' होतं, त्याचा हा फायदा. त्यानं विचारलं, कशासाठी? तो धडा आमच्याकडं झाला नव्हता. मी करून दाखवलं. पाठ, मांड्या, टाचा. मागच्या रांगेतल्या लोकांनी मोबाइल काढले. शेवटी अधिकाऱ्यानं वाकून दगड परत दिला आणि आबाही वाकले. "चांगली हायत मानसं," आबा म्हणाले. "दगडालाबी मान देत्यात."

जपाननं आबांना खूश करायचा मनापासून प्रयत्न केला, हे मी जपानच्या बाजूनं सांगतो. बुलेट ट्रेन ठरल्या क्षणी येऊन उभी राहिली. आबा म्हणाले, "यायलाच पायजे." एका मंदिरात पांढऱ्या खडीची सुप्रसिद्ध बाग होती, लोक तिच्यासमोर डोळे मिटून बसले होते. आबांनी उभ्या उभ्या पाहिली. "खडी अंथरलीया. डांबर कवा टाकणार?" ओकायामाला संयोगिता भेटली तेव्हा मात्र त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला, "हितं म्हशी का दिसंनात गं?"

"हितं म्हशी नसत्यात आबा."

"मग दूध कुणाचं पित्यात?"

"गाईचं."

आबांनी त्या सगळ्या देशाकडं एकदा कणवेनं पाहिलं.

बेटावर जायला बोट होती. बोटीत संयोगितानं मला बाजूला घेऊन सगळं पक्कं केलं. ती बायकांच्या भागात असणार, आम्ही पुरुषांच्या. मधे भिंत. आबा गरम पाण्यात बसले, डोळे मिटले, 'हाऽऽ' असा आवाज आला की विषय काढायचा. आधी नाही, नंतर नाही. त्या 'हाऽऽ'वर आमचा संसार अवलंबून होता.

स्नानगृह बाहेरून असं होतं: अर्धी भिंत फुटक्या रंगीत फरशांची, अर्धी जुन्या होड्यांच्या फळ्यांची. छपरावर निवडुंग, दारावर निऑनचे दिवे आणि दाराच्या दोन्ही बाजूंना जहाजाचे पंखे. मी भारावून गेलो. आबा म्हणाले, "काम अर्धवट टाकून कंत्राटदार पळालाय."

आत काउंटरवर एक बाई बसल्या होत्या. त्यांच्यामागं पाटी होती. संयोगितानं वाचून दाखवलं, "आतल्या शिल्पाचा पुढचा भाग पुरुषांच्या बाजूनं दिसतो, मागचा बायकांच्या बाजूनं. पूर्ण शिल्प कुणालाच दिसत न्हाय. ते बघायचं असंल तर पलीकडच्या माणसाला विचारा."

काय कल्पना आहे! मी तिथंच त्या शिल्पकाराला मनातून मुजरा केला. आबांनी विचारलं, "गिऱ्हाईकाला अर्धा माल दावायचा हे कुठलं?" आणि निळ्या पडद्यातून आत शिरले. संयोगिता तांबड्या पडद्याकडं वळली आणि जाता जाता माझ्याकडं बघून तिनं मूठ वळली. प्रेमात इतकी स्पष्ट सूचना पुरेशी असते.

कपडे बदलायच्या खोलीत चित्रं लावली होती: सदरा काढा, पँट काढा, सगळं काढा. शेवटच्या चित्रातला माणूस अगदी समाधानी दिसत होता. वस्तादांचा सल्ला आठवून मी सुरुवात केली. हातात एक टॉवेल मिळाला होता. त्याला टॉवेल म्हणणं हा मोठेपणा झाला. त्यानं एका वेळी शरीराच्या एकाच भागाची अब्रू झाकली जाते आणि कुठली ते आपण ठरवायचं. मी ठरवलं आणि वळून पाहिलं. आबा तांबड्या लंगोटावर, हाताची घडी घालून, बाकावर बसले होते.

"आबा, ते बी काढायचं असतंय."

"न्हाय."

"चित्रात दाखवलंय बघा."

"चित्रातला पैलवान न्हाय. मी हितंच बसतो. तू ये जा आंघोळ करून."

योजना मोडली. मी समजावायला लागलो. देशोदेशीच्या चालीरीती, पाहुण्याचं कर्तव्य, भारताची प्रतिमा, सगळं मांडलं. पण नागव्या माणसाच्या बोलण्याला वजन राहत नाही. हा माझा स्वतःचा अनुभव आहे. कुणी प्रबंध लिहीत असेल तर त्यानं खुशाल वापरावा. मी जितका पोटतिडकीनं बोलायचो तितका टॉवेल जागा सोडायचा, आणि आबा तितके छताकडं बघायचे.

इतक्यात अंघोळ उरकून एक जपानी म्हातारा आतून बाहेर आला. सरकतं दार उघडलं, वाफेचा एक लोट आला आणि आबांची मान लांब झाली.

"म्हैस!"

"काय?"

"म्हैस हाय आत!"

लंगोटाची गाठ कधी सुटली ते मला दिसलंच नाही. दिसला तो उघडा, भरभक्कम पाठमोरा पैलवान, वाफेत नाहीसा होताना. चष्मा त्यांनी आधीच फळीवर काढून ठेवला होता.

खरोखर म्हैस होती. पुरुष आणि बायका यांच्यामधली भिंत छतापर्यंत गेलेली नव्हती आणि त्या भिंतीवर जिवंत म्हशीच्या मापाचं काळंभोर शिल्प आडवं बसवलं होतं. डोकं, मान, पुढचे पाय आमच्याकडं. पाठीपासून पुढचा कारभार पलीकडं. खालच्या हौदात बेटावरचे म्हातारे गळ्यापर्यंत बुडून शांत बसले होते. त्यांची डोकी पाण्यावर तांब्यांसारखी दिसत होती. आणि त्या तांब्यांच्या काठावर आबा कमरेवर हात ठेवून, मान वर करून उभे होते. कोल्हापूर सोडल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर हा भाव मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मुऱ्हा हाय," आबा म्हणाले. "शिंगं बघ, जिलबी घातल्यागत. दुसऱ्या वेताची. कपाळ बघ केवढं. दहा-बारा लिटर कुठं जात न्हाय एका टायमाला."

"दगडाची आहे आबा."

"दगडाची असली म्हणून काय झालं?"

मी म्हणालो, "झकास हाय."

मग बसक्या स्टुलांवर बसून अंग धुणं. मी बाहेरून दगड आणून दिला आणि आबांनी जे घासायला सुरुवात केली ते बघायला दोन तांबे पाण्यातून वर आले. पायांपासून मानेपर्यंत काही म्हणून सोडलं नाही. शेजारचा एक गोल चेहऱ्याचा म्हातारा, ज्याला मी मनात तात्या म्हणायला लागलो होतो, त्यानं दगडाकडं बोट दाखवलं. आबांनी तो त्याला दिला. "घासा पावणं, घासा." तात्यांनी टाच घासून पाहिली, डोळे मोठे केले आणि दगड पुढच्या म्हाताऱ्याला दिला. मी सांगतो, दोन देशांचे संबंध याच्याहून चांगल्या पद्धतीनं सुधारलेले नाहीत.

मग हौद. मी पायाचा अंगठा घातला आणि काढून घेतला. त्या पाण्यात अंडी उकडता आली असती. आबा एका क्षणाचीही उसंत न घेता आत उतरले, बसले आणि म्हणाले, "कोमट हाय." होणाऱ्या सासऱ्यासमोर माघार घेणं शक्य नव्हतं. मी बसलो. माझा रंग आधी गुलाबी, मग उकडलेल्या खेकड्याचा झाला. मी चेहऱ्यावर प्रसन्नता ठेवून आतल्या आत शिजत राहिलो आणि वाट पाहिली.

आबांनी डोळे मिटले. खांदे खाली आले.

"हाऽऽ."

"आबा," मी म्हणालो, "ते आमच्या दोघांच्या..."

"कास कशी आसंल रं?"

"आँ?"

आबांनी डोळे उघडले होते आणि ते वर खिळले होते. "म्हशीची कास. तोंड बघून कोण म्हैस घेत न्हाय. म्हैस मागनं बघायची असती. पुढनं बघायची, मग मागनं बघायची, मग बोलायचं. पुढनं बघून बोललो आणि मागचं बघितलंच न्हाय असं माझं कवाच झालं न्हाय."

"बाहेर गेल्यावर बघू. आबा, मी म्हणत होतो, संयोगिता आणि मी..."

"भाईर गेल्यावर कुठनं दिसणार? मागचं त्या बाजूला हाय. गडी माणसाला जलमभर दिसायचं न्हाय."

आता माझ्या लक्षात आलं की कलेनं आमच्या योजनेचा बळी घेतला आहे. मी तिसऱ्यांदा तोंड उघडणार एवढ्यात आबा पाण्यातून छातीपर्यंत वर आले आणि त्यांनी भिंतीकडं तोंड करून, शिवारातल्या माणसाला बांधावरून मारावी तशी हाक मारली.

"संयोगिताऽऽऽ!"

सगळे तांबे एकदम वळले. हाक छतावर आपटली, फिरून आली आणि काही वेळ तिथंच राहिली. मी टॉवेल डोक्यावर घेतला. झाकण्याची गरज आता तिथं जास्त होती.

पलीकडून शांतपणे आवाज आला, "काय आबा?"

"म्हस दिसती का तुझ्याकडनं?"

"दिसती की."

"मागची बाजू?"

"सगळी."

"कास कशी हाय? सड कसं हायत? नीट बघून सांग."

संयोगिताचा आवाज आला. हा आवाज मी ओळखतो. कंपनीत पगारवाढ मागताना ती हा वापरते.

"सांगतो. पण आदी माझं एक काम हाय."

"बोल."

"आमच्या लग्नाचं काय?"

आबा माझ्याकडं वळले. मी उकळत्या पाण्यात, डोक्यावर टॉवेल घेऊन, जमेल तितका जबाबदार चेहरा केला.

"हे काय बोलायची जागा हाय व्हय?"

"म्हशीचं बोलायची हाय, मग लग्नाचं बी हाय."

"बघू," आबा म्हणाले.

"मग कासंचं बी बघू."

आबा परत गळ्यापर्यंत खाली बसले. एक मिनिट त्यांनी 'आपल्याला काय करायचंय' असा चेहरा ठेवून समोरच्या नळाकडं पाहिलं. मग डोळे आपोआप वर गेले. ते काळं डोकं वाफेतून त्यांच्याकडं बघत होतं.

तात्यांनी मला हळूच विचारलं, काय चाललंय? आता माझ्या जपानीची कसोटी होती. मी शब्द जोडले: "हे वडील. तिकडे मुलगी. मी लग्न. वडील, म्हशीचं मागचं बघायचंय. मुलगी, लग्न नाही तर म्हैस नाही." व्याकरणाची हमी देत नाही, पण आशय पोचला. तात्यांनी फार गंभीरपणे मान हलवली. इतरांना सांगितलं. इतरांनीही गंभीरपणे मान हलवली. मग तात्यांनी भिंतीकडं तोंड करून आपल्या बायकोला हाक मारली.

संयोगितानं मला नंतर सांगितलं की जुन्या काळी तिकडं असं असायचं: 'मी निघालो', 'साबण टाक', असं भिंतीवरून चालायचं. आता कुणी हाका मारत नाही. पण त्या बेटावरचे म्हातारे विसरले नव्हते. तात्यांच्या बायकोनं पलीकडून काहीतरी चार शब्द सांगितले. बायकांच्या बाजूला एकच हशा झाला. तात्यांनी डोळे विस्फारून म्हशीकडं पाहिलं, मग आबांकडं पाहिलं, मग तोंडावर हात ठेवला. त्यांनी शेजारच्याच्या कानात सांगितलं. शेजारच्यानं पुढच्याच्या. बातमी हौदभर फिरली. प्रत्येक तांब्या एकदा वर बघायचा, एकदा आबांकडं बघायचा आणि वाकायचा.

"ह्यास्नी कळलं," आबा म्हणाले.

"दिसतंय तसं."

"म्हंजी ह्या हौदात मला सोडून सगळ्यास्नी म्हस कळली? ज्यांनी जलमात म्हस बघितली न्हाय त्यास्नी? इचार त्या पावण्याला!"

मी तात्यांना विचारलं. तात्यांनी नम्रपणे दोन बोटांनी ओठ शिवून दाखवले आणि भिंतीकडं बोट केलं. बायकोनं ताकीद दिली होती. भिंतीपलीकडं आमच्यासाठी एक आघाडी उभी राहिली होती.

आबांच्या कपाळावरून पाणी गळत होतं. घाम की वाफ ते सांगता येत नव्हतं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा वर पाहिलं. पैलवान जसा शेवटच्या पकडीत अडकल्यावर जमिनीवर थाप मारतो तशी त्यांनी पाण्यावर थाप मारली. माझ्या डोळ्यांत पाणी गेलं.

"व्हय!"

"ऐकू आलं न्हाय आबा!"

"व्हय म्हटलं! करा लगीन! दिली परवानगी! आता सांग कास कशी हाय!"

मी वर्षभर वाट पाहिलेला शब्द असा, भिजलेल्या अवस्थेत, परदेशी माणसांच्या साक्षीनं माझ्या कानावर आला. मला भरून आलं. पण आनंद व्यक्त करायला उठून उभं राहण्याची सोय नव्हती.

"आबा," पलीकडून आवाज आला. आता तो जरा मऊ होता. "कास न्हाय."

"म्हंजी? आटलीया?"

"न्हाय आबा. रेडा हाय."

आबांनी डोळे बारीक करून परत वर पाहिलं.

"नीट बघ पोरी. वाफंत दिसत नसंल."

"नीटच बघतोय आबा. शिल्पकारानं शंकेला जागाच ठेवली न्हाय."

आबा खाली गेले. आधी हनुवटी, मग ओठ, मग नाकाच्या खालपर्यंत. वर उरले फक्त नाक आणि दोन डोळे. सगळे म्हातारे अतिशय सभ्य होते. त्यांनी एकदम छताकडं पाहायला सुरुवात केली. मलाही त्यांच्याबरोबर छताकडं बघावंसं वाटलं, पण माझं सगळं आयुष्य त्या दोन डोळ्यांमागं अडकलं होतं.

मग तोंड वर आलं.

"हे मी धरत न्हाय. म्हशीवर दिलेला शब्द रेड्याला लागू न्हाय."

"आबा!" पलीकडून संयोगिता कडाडली.

"तू गप. मी ह्याला इचारतोय." आबा पाण्यातून सरकत माझ्यासमोर आले. नाकाला नाक लागायचं तेवढं बाकी होतं. "खरं सांगायचं. मी म्हस म्हटलो तवा तू बी बघत हुतास. तुझं डोळं चांगलं हायत. तुला काय वाटलं?"

मी विचार केला. म्हैस वाटली म्हणावं तर मलाही कळत नाही हे सिद्ध. रेडा वाटला म्हणावं तर मी त्यांना चारचौघांत तोंडघशी पडू दिलं हे सिद्ध. वस्ताद म्हणाले होते, एकदा उघडा झालास की पळायचं नाही. मी पळालो नाही.

"तुम्ही म्हस म्हणाला, मला म्हस वाटली."

"आणि आता?"

सगळी बायकांची बाजू कान लावून असणार.

"आता ती रेडा म्हणतीया," मी म्हणालो. "मग रेडाच असणार की."

"तुझं सोताचं मत काय हाय का न्हाय?"

"हाय की. पण तुमचं दोघांचं ठरू दे, मग सांगतो."

आबांनी मला शेंडीपासून पाण्याखाली जिथवर दिसत होतं तिथवर न्याहाळलं. सावकाश. मग ते भिंतीकडं वळले आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी परत तशीच शिवारातली हाक मारली.

"संयोगिताऽऽ! ठेव ह्याला! पुढनं-मागनं दोन्हीकडनं बघितलाय मी! लई गरीब जनावर हाय!"